नानांच्या आजाराची वही: शंटआधी घरच्यांनी काय टिपून ठेवायचं

बागेला पाणी सोडल्यावर काळ्या मातीत पाय रुततो, तसे माझ्या सासऱ्यांचे, नानांचे पाय कोरड्या ओट्यावर रुतायला लागले. वय ७६. पुढे धोतर ओलं व्हायला लागलं, मग विसर. यावल तालुक्यातलं आमचं गाव. सगळे म्हणाले, वय झालं. पार्किन्सनच्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या दिसल्या तेव्हा नाव कळलं: नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. १९६५ साली हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी हा आजार मांडला.

मात्र या वयात तो पुष्कळदा एकटा येत नाही. सोबत अल्झायमर, पार्किन्सन, लेवी बॉडी (हाही स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार) किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो. शंट म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेली बारीक नळी; ती मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात उतरवते, दुसरा आजार काढत नाही. म्हणून एक वही सुरू करा.

पहिल्या पानावर क्रम लिहा. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. आखाजीला नणंद माहेरी आली तेव्हा नाना तिला घ्यायला स्टँडवर चालत गेले होते; पोळ्याला ओट्यावरून उतरवायला दोघं लागले. म्हणजे चाल आधी गेली. चाल बिघडण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून विसर असेल, तर अल्झायमरची शंका डॉक्टरांना जरूर बोलून दाखवा.

चाल नीट बघा. पाय फाकवून, घासत, वळताना सात-आठ पावलं, पण हात हलताहेत, ही चाल पाण्याच्या आजाराकडे झुकते. बसल्या जागी एक हात थरथरतो, एकच बाजू ताठ आहे, गोळीने मोकळं वाटतं, तर पार्किन्सनकडे. अंगणात नसलेली पोरं दिसणं, झोपेत ओरडणं, लाथा मारणं, एक दिवस लख्ख आणि दुसऱ्या दिवशी गुंगीत, हे लेवी बॉडीचं असू शकतं. ते लपवू नका. अशा माणसाला रात्री शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं.

विसराचीही जात बघा. 'सकाळी काय जेवलात?' नाना गप्प. 'वांग्याचं...' म्हटलं की लगेच, 'भरीत!' आठवण आत होती, हळू निघत होती; असा विसर पाण्याच्या आजाराकडे झुकतो. पुढे पुढे भरीत म्हटलं तरी चेहरा कोराच राहायचा; हा अल्झायमरकडे. तेही मी लिहिलं, लिहिताना हात जड झाला तरी.

आणि पाणी. लाजेपायी नाना पाणी पिणं टाळायचे, तेही आपल्याकडच्या मे महिन्यात. लघवीत जंतू झाले, दोन दिवसांत माणूस बरळायला लागला. एकाएकी बिघडलं तर आधी लघवी तपासा.

शंटचा उपयोग होईल का हे कळायला पाठीच्या मणक्यातून, मेंदूभोवती असतं तेच, ३० ते ५० मिली पाणी काढून बघतात. त्याआधी आणि नंतर मोबाइलवर चाल घ्या; तीच जागा, तीच चप्पल. खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळून येऊन बसणं: नानांना आधी ४१ सेकंद लागले, नंतर २६. त्याच पाण्यात अमायलॉइड आणि टाऊ, म्हणजे अल्झायमरची खूण देणारी प्रथिनं, तपासता येतील का, हे सुई टोचण्याआधीच विचारा. आमचा अहवाल अल्झायमरकडेही बोट दाखवत होता. तरी आम्ही शंट केला, कारण चाल सुधारणार होती. नाना आज आधाराशिवाय पारापर्यंत जातात. मला मात्र कधी कधी नणंदेच्या नावाने हाक मारतात.

शंटच्या झडपेचं कार्ड नानांच्या पाकिटात असतं. बाहेरून जुळवायची झडप असेल तर एमआरआयनंतर तिचं सेटिंग तपासून घ्या, चुंबकाने ते हलू शकतं. आणि बरा चालणारा माणूस पुन्हा पाय घासायला लागला, तर अल्झायमर वाढला असं धरून घरी बसू नका; शंट तुंबला आहे का, हे आधी दाखवून या.