गाडीला बाहेरून काही लावायच्या आधी

व्हायझर (दाराच्या काचेवर लावायची पावसाची पट्टी), मडफ्लॅप (चाकामागचा चिखल अडवणारा पडदा), साइड स्टेप (दाराखालची पायरी) सगळं एकदम घरी आलं की हात शिवशिवायला लागतात, पण बॉक्स फोडून लगेच चिकटवत बसू नका. माझ्या पहिल्या गाडीचा एक व्हायझर दुसऱ्याच आठवड्यात हायवेवर उडाला, पार्ट चांगला होता, मीच तो नुसत्या फडक्याने पुसून लावला होता. तेव्हापासून लावायला दहा मिनिटं आणि तयारीला अर्धा दिवस असं गणित झालंय.

आधी ठरवा की वाचवायचंय कशापासून. चिखलाचा रस्ता असेल तर मडफ्लॅप, पार्किंग चिंचोळं असेल तर डोअर एज गार्ड आणि साइड मोल्डिंग, खडी उडत असेल तर बोनेट आणि पुढच्या बंपरला पीपीएफ, म्हणजे रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म. क्रोम गार्निश, म्हणजे चकचकीत पट्ट्या, कशापासूनच वाचवत नाही, ती निव्वळ हौस, करा खुशाल पण दोन-तीन जागी पुरे.

ऑर्डर द्यायच्या आधी मॉडेलचं वर्ष आणि व्हेरिएंट बघा, फेसलिफ्टनंतर, म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलचं रूप बदललं की, नाव तेच राहतं आणि बंपर मात्र बदललेला असतो.

क्रमही आत्ताच ठरवा, आधी पीपीएफ, मग चिकटवायच्या वस्तू आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा चमकदार संरक्षक थर) शेवटी, कारण कोटिंगवर किंवा वॅक्सवर पार्टच्या मागची दुहेरी टेप धड धरतच नाही. पॅनल नुकताच रंगवून आणला असेल तर किती दिवस थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

मग सगळे पार्ट मास्किंग टेपने नुसते तात्पुरते लावून बघा, ही पायरी लोक हमखास गाळतात. दारं पूर्ण उघडा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, चार माणसं बसवून टायर मडफ्लॅपला घासतोय का बघा, पार्किंग सेन्सर, कॅमेरा, फॉग लॅम्प, नंबर प्लेट काही झाकलं जात नाही ना तेही बघा, आणि काही गाड्यांत लोगोच्या किंवा ग्रिलच्या मागे रडार असतं तिथे तर काहीच चिकटवू नका. काचेच्या खाचेत बसणारा व्हायझर असेल तर काच चार-पाच वेळा वरखाली करा, ऑटो काचेला वाटतं मध्ये काहीतरी अडकलंय आणि ती परत खाली येते. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल माझं मत सरळ आहे, नकोच, धक्का शोषायला बनवलेल्या भागाचं काम बिघडतं, एअरबॅग उघडण्याचं टायमिंग चुकू शकतं आणि पायी चालणाऱ्याला लागलं तर जास्त लागतं, शिवाय बऱ्याच ठिकाणी कायद्यालाही चालत नाही.

सामानात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर, मास्किंग टेप आणि हेअर ड्रायर. गाडी धुवा, पूर्ण वाळू द्या, मग अल्कोहोलने पुसा आणि त्या जागेला बोट लावू नका, पकड बिघडायला बोटाचं तेलही पुरतं. पार्टच्या मागे असते त्या अ‍ॅक्रिलिक फोमच्या दुहेरी टेपला पत्रा साधारण 21 ते 38 अंश सेल्सिअसमध्ये असलेला बरा, थंडी असेल तर ड्रायरने कोमट करा, ऊन कडक असेल तर सावलीत घ्या. लावल्यावर सगळीकडून जोरात दाबा. पहिल्या 20 मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण यायला 72 तास, म्हणजे तीन दिवस गाडी धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर नाहीच.

पत्र्याला भोक पाडायचं असेल तर प्रायमर आणि टचअपचा रंग आधीच हाताशी ठेवा, उघड्या कडेतूनच गंज सुरू होतो. साइड स्टेप मात्र चॅसीवर कंपनीने दिलेल्या भोकांतच बसणारा घ्या आणि थोडं चालवून झालं की बोल्ट पुन्हा आवळा. रूफ रेलवर कॅरिअर टाकणार असाल तर छपराची वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं बरं का.

आणि काढलेले मूळ स्क्रू, क्लिपा एका पिशवीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये टाका, माझ्या दोन क्लिपा अजून सापडायच्यात.