पोटाच्या कॅन्सरची 'जीन टेस्ट' करताना या चुका टाळा

जठराच्या कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांची पहिली धाव हल्ली जीन पॅनेलकडे असते. शेकडो जनुकं एकदम तपासून मिळतात, मग आणखी काय हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण पसरलेल्या आजारात पहिलं औषध ठरवायला जी उत्तरं लागतात, त्यातली बरीचशी आयएचसीतून (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगाने दाखवणारी तपासणी) मिळतात. बायोप्सीच्या पातळ कापावर रंग चढवून चार गोष्टी पाहतात: हर-२ (पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन), एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं), पीडी-एल१ (रोगप्रतिकारक पेशींना रोखणारं प्रथिन) आणि क्लॉडिन १८.२ (जठराच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन). यातलं पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२ हे पेशींवर किती आहे, ते जनुकांचा क्रम वाचून कळत नाही. म्हणून पॅनेलचे पैसे भरण्याआधी या चार तपासण्या झाल्या का, ते विचारा.

तुकडा पुरत नाही

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि रिपोर्टमध्ये ते दिसतही नाही. दुर्बिणीतून निघणारा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. जठराच्या गाठीत हर-२ सगळीकडे सारखं नसतं; एका कोपऱ्यात भरपूर, शेजारी काहीच नाही. दोनच तुकडे काढले आणि ते नेमके कोऱ्या भागातले निघाले, तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि रुग्णाचं एक चांगलं औषध हुकतं. म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत. ते लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाकावेत आणि सहा ते ७२ तास ठेवावेत. सलाइनच्या बाटलीत पडून राहिलेल्या तुकड्याकडून पुढे काही अपेक्षा करू नये.

ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, जपण्याचंही असंच आहे. प्रत्येक नव्या तपासणीसाठी ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच थोडी गाठ वाया जाते. लागणारे सगळे कोरे काप एकाच वेळी काढून ठेवायला सांगा. आणि परळला टाटामध्ये किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला निघताना नुसत्या रंगवलेल्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉकही मागून घ्या. लॅबकडे तो मागता येतो.

स्तनाचे नियम जठराला लावणं

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ चा तपकिरी रंग पेशीभोवती पूर्ण कडं करतो. जठराच्या ग्रंथींमध्ये तो बाजूंना आणि तळाला चढतो, वरची कड कोरीच राहते. पूर्ण कडं शोधत बसलं तर खरा पॉझिटिव्ह हातचा जातो. बायोप्सीत असा रंग असलेल्या निदान पाच पेशींचा एक पुंजका मिळाला तरी तो मोजतात. रंगाला ० ते ३+ असे गुण देतात; ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ हे उत्तर अर्धवट आहे, त्याच ब्लॉकवर फिश तपासणी (हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी) करून घ्यावी लागते. २+ ला निगेटिव्ह समजून केमो सुरू करणं ही मोठी चूक आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' या औषध-चाचणीत हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांच्या केमोला ट्रास्टुझुमॅब या हर-२ विरोधी औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. अशा आजारात हे महिने फार मोलाचे असतात.

ट्रास्टुझुमॅब घेऊनही आजार वाढला, तर जुना रिपोर्ट प्रमाण मानू नका. काही रुग्णांच्या गाठीतलं हर-२ तोपर्यंत नाहीसं झालेलं असतं. शक्य असेल तर पुढचं हर-२ विरोधी औषध ठरवण्याआधी नवी बायोप्सी घ्यावी.

सापडलेल्या प्रत्येक बदलामागे धावणं

पॅनेलमध्ये टीपी५३ हे जनुक बऱ्याचदा दिसतं, कारण जठराच्या सुमारे निम्म्या गाठींत त्यात बदल असतो. त्यावरून आज औषध बदलत नाही. रक्तातून केलेली तपासणी 'काही सापडलं नाही' म्हणाली, तर गाठीत बदल नाहीच असंही समजू नका. काही गाठी रक्तात फारच कमी डीएनए सोडतात.

घराण्याचा दोष आहे की नाही, हे घाईत ठरवणं

एमएमआरपैकी एमएलएच१ हे प्रथिन दिसत नाही म्हटल्यावर घरात लिंच सिंड्रोमची (कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) भीती पसरते. जठरात बहुतेक वेळा ते जनुक गाठीतच मिथायलेशनमुळे (जनुकावर रासायनिक खूण बसल्याने) बंद पडलेलं असतं, आईवडिलांकडून आलेलं नसतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा वेळी बीआरएएफ जनुकातला बदल तपासतात; तो सापडला तर दोष बहुधा आनुवंशिक नसतो. जठरात तो बदल क्वचितच आढळतो, त्यामुळे तो नसण्यावरून काहीच ठरत नाही. इथे मिथायलेशनचीच तपासणी मागा. इम्युनोथेरपीच्या दृष्टीने मात्र एमएमआरचा हा दोष दोन्ही प्रकारांत महत्त्वाचा आहे.

सीडीएच१ या जनुकाबद्दल उलटी चूक होते. गाठीत बदल सापडला म्हणजे तो आनुवंशिक, असं नाही; त्यासाठी रक्तातून वेगळी तपासणी लागते. पण घरात कमी वयात डिफ्यूज (विखरून वाढणाऱ्या) प्रकारचा जठराचा कॅन्सर किंवा स्तनाचा लोब्युलर (दूधग्रंथींतला) कॅन्सर झालेला असेल, तर ती टाळू नये. या जनुकाचा आनुवंशिक जठराच्या कॅन्सरशी असलेला संबंध १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आला. या आजारात पेशी अस्तराखाली विखरून वाढतात, त्यामुळे भावंडांची दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली तरी निर्धास्त होता येत नाही. ज्यांच्या रक्तात सीडीएच१ चा रोगकारक बदल निघतो, त्यांच्याशी संपूर्ण जठर आधीच काढून टाकण्याबद्दलही बोलावं लागतं. म्हणून रक्त देण्याआधीच जनुकीय समुपदेशकाची भेट घ्या.