ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, तरी धाप का लागते? घरी मोजताना या चुका टाळा

"ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, म्हणजे आईचं ठीक आहे ना?" करोनानंतर घरोघरी हे छोटं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही आला. मी आधी उलट विचारतो, आईला धाप लागतेय का? जिना चढताना मध्येच थांबावं लागतं का? त्याचं उत्तर 'हो' असेल, तर ९८ हा आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

हे यंत्र नेमकं काय मोजतं ते कळलं की बहुतेक चुका टळतात. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. रक्तद्रवात तो फारसा विरघळत नाही. जवळजवळ सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर बसूनच पुढे जातो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत त्याच्यासाठी चार जागा असतात. एसटीतल्या बाकांसारख्याच समजा. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवून यंत्र एवढंच सांगतं, की असलेल्या बाकांपैकी शेकडा किती भरलेली आहेत. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या प्रकाशावरून हे काढायची युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली.

पहिली चूक अगदी साधी आहे. बोट घातल्या घातल्या दिसलेला आकडा लोक खरा मानतात. पाच मिनिटं बसा, हात गार असतील तर चोळून गरम करा, गडद नेलपॉलिश पुसा, हात टेबलावर स्थिर ठेवा. आकडा अर्धा-एक मिनिट टिकला तरच लिहून घ्या. यंत्रावरचे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील, तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास नको. दुसरं बोट लावून पाहा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर यंत्र कधी कधी दोन-तीन अंक जास्त दाखवतं. आपल्याकडे हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे, कारण ती वर्षानुवर्षं लपून राहते. बाकं भरलेली आहेत, पण मुळात गाड्या किती आहेत? एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम) असेल तर तेवढ्या रक्तात १८-१९ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. तेच ७ वर आलं की मावतो त्याच्या निम्मा, आणि ऑक्सिमीटर दोन्ही वेळी ९८ च दाखवतो! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा पाणी भरताना, भाकऱ्या थापताना जिला दम लागतो तिला "वय झालं" म्हणून गप्प करू नका. आधी हिमोग्लोबिन तपासा.

तिसऱ्या चुकीने जीव जातो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू आहे, किंवा थंडीत दार लावून शेगडी पेटवली आहे. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि बाकं बळकावून बसतो. साध्या ऑक्सिमीटरला हे दोन प्रवासी वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतानाही आकडा उत्तम दिसू शकतो. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी होणं यातलं काहीही झालं तर यंत्र शोधत बसू नका. माणसाला उघड्यावर आणा, दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि थेट दवाखाना गाठा. तिथे 'गीझर चालू होता' हे आठवणीने सांगा. शुद्ध ऑक्सिजन सुरू केला की हा वायू बराच लवकर सुटतो.

चौथी चूक प्रेमापोटी होते. जुन्या दम्याच्या, बिडी ओढून किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या आजोबांचा आकडा ८९ दिसतो आणि घरातलं कुणीतरी कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा) फ्लो मिनिटाला दोन लिटरवरून पाचवर नेतं. अशा रुग्णांत डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढाच आकडा ठेवायला सांगतात. कारण रक्ताचं दुसरंही काम आहे, कार्बन डायऑक्साइड परत आणणं. त्यातला सुमारे ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात येतो आणि तो ऑक्सिमीटरला दिसतच नाही. ऑक्सिजन बेसुमार वाढवला तर अशा फुप्फुसांत कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी डोकं जड, बोलणं असंबद्ध, दिवसभर गुंगी, आणि यंत्रावर मात्र ९७! आजोबा शांत झोपलेत असं वाटून घरचे खूश असतात. अशा वेळी त्यांना हाक मारून जागं करा. नीट जागे होत नसतील तर लगेच रुग्णालयात न्या. धमनीच्या रक्ताची तपासणी केल्याशिवाय हा वायू कळत नाही. फ्लो डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका, आणि घाबरून ऑक्सिजन एकदम बंदही करू नका.

बाकीच्यांसाठी ९० च्या आसपासची रेघ जपायची. ९८ वरून ९४ पर्यंतची उतरण संथ असते, पण ९० च्या खाली फुप्फुसातला ऑक्सिजनचा दाब थोडा जरी घटला तरी हिमोग्लोबिनवरची बाकं भराभर रिकामी होतात. आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ९० च्या खाली गेला तर गाडी काढा. जाताना बसलेल्या अवस्थेतला आणि थोडं चालल्यानंतरचा, असे दोन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या.