ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी तपासताना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, तेव्हापासून मी चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक ह्युंदाई चालवते. तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल दर दोन-तीन महिन्यांनी मी स्वतःच बघते. एकदा सर्व्हिसिंगला दिली असताना मेकॅनिकने सकाळी थंड गाडीची दांडी (ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी) पाहिली, "ऑइल कमी आहे" म्हणाला आणि वरून ओतलं. चारच दिवसांनी कसारा घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं, आरपीएमचा काटा चढायचा पण गाडी ओढायची नाही. गिअरबॉक्समध्ये ऑइल जास्त झालं होतं.

हे ऑइल, म्हणजे एटीएफ, तापलं की फुगतं. त्यामुळे थंड गाडीत ते कमी दिसतं, आणि तेवढ्यावर भरलं की गरम झाल्यावर पातळी खुणेच्या वर जाते. मग आतले फिरणारे भाग ते घुसळतात, ताकासारखा फेस येतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो तो ऑइलच्या प्रेशरवर, आणि फेसातली हवा दाबली जात असल्यामुळे ते प्रेशर टिकत नाही. ऑइल कमी असलं तरीही पंप हवा ओढतो आणि तसंच होतं. म्हणून ही तपासणी गरम गाडीवरच करायची, आणि गरम गाडी, चालू इंजिन म्हटलं की आपली काळजी आधी.

त्याआधी आपल्या गाडीला अशी दांडी आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. एएमटीवाल्या गाडीत (२०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला प्रकार) आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअरचं काम फक्त यंत्र करतं. तिला हे सगळं लागू नाही. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना दांडीच दिलेली नसते. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन, ऑइलचं तापमान मोजून, खालचा बोल्ट उघडून पातळी बघतात. ते काम घरी करू नका. दांडी असलेल्या गाड्यांतही रीत एकच नसते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम करून बंद करतात आणि दीड मिनिटाच्या आत बघतात. माझ्या गाडीत इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं. खाली सांगते ती माझ्या गाडीची रीत.

मी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन परत येते. अशा दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत ऑइल ७०-८० अंशांपर्यंत तापतं. नुसती उभी गाडी चालू ठेवून ते लवकर तापत नाही. परत आल्यावर गाडी सपाट जागी आणि उघड्यावर लावते. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढते. मग सीटवर बसूनच, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून, गिअरची लिव्हर पीपासून (पार्क) खाली एकेका जागी नेते, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबते आणि पुन्हा पीवर आणते. त्यामुळे आतल्या सगळ्या वाटांत ऑइल भरतं. मॅन्युअलमध्ये एन (न्यूट्रल) किंवा पी दोन्ही चालतं असं आहे, पण मी पीच ठेवते. खाली उतरून मागच्या-पुढच्या चाकांना विटा लावते. नातू आसपास असेल तर त्याला घरात पाठवते, कारण मी बॉनेटखाली वाकलेली असताना लिव्हरला हात लावणारं कुणी गाडीत बसलेलं मला चालत नाही.

बॉनेट उघडण्याआधी पदर खोचते, बांगड्या आणि घड्याळ काढते, केस बांधते. पट्टा फिरत असतो, आणि रेडिएटरचा पंखा बंद दिसला तरी कुठल्याही क्षणी सुरू होतो. रेडिएटर, त्याचे पाइप, सायलेन्सरकडे जाणारे नळ इतके तापलेले असतात की नुसता हात टेकला तरी फोड येतो. उजेड कमी असेल तर डोक्याला लावायचा टॉर्च वापरते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

इंजिन ऑइलची दांडी वेगळी आणि गिअरबॉक्सची वेगळी, यात गल्लत करू नका. दांडी बाहेर काढायची, पुसायची, तळापर्यंत आत घालायची आणि पुन्हा काढून आडवी धरून बघायची. पहिल्यांदा निघते तेव्हा ती वरपर्यंत माखलेली असते, तेव्हाचं काही धरू नका. पुसायला मी जुन्या सुती ओढणीचा धुतलेला तुकडा ठेवला आहे. गॅरेजमध्ये मिळतं तसलं सुताचं वेस्ट नको, त्याचे धागे दांडीला चिकटून आत जातात, आणि आतल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये एक धागासुद्धा अडकायला नको. ऑइलची कड दोन्ही बाजूंनी बघते. एका बाजूला ती जास्त वर दिसली तर खालची बाजू धरते, कारण नळीच्या भिंतीला घासून वर लागलेलं ऑइल फसवतं. ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं.

कमी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच एटीएफ घाला. माझ्या गाडीला एसपी-थ्री लागतं. दुकानदार "सगळं एकच असतं" म्हणाला तरी ऐकू नका. लांब नळीचं स्वच्छ नरसाळं लावून एका वेळी चहाचा अर्धा कप, तेवढंच ओता आणि पुन्हा बघा. गरम नळावर थेंब सांडला तर इंजिन बंद करा आणि ते निवल्यावर पुसा, एटीएफ पेट घेऊ शकतं. जास्त झालेलं मात्र खालून काढावं लागतं, ते गॅरेजचं काम.

दांडीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवून बघा. नवं ऑइल लाल असतं, वापरून तपकिरी होत जातं. काळं पडून जळका वास येत असेल तर आतल्या क्लचच्या पट्ट्या झिजल्याची शंका धरा. दुधी गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच उभी करा, एक किलोमीटरही चालवू नका. रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी किंवा कूलंट आत शिरलेलं असतं. अशा वेळी मी टोइंगचे पैसे देईन, पण किल्ली फिरवणार नाही.

इंजिन ऑइल जळून कमी होतं, तसं हे होत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंय. तेव्हा भर घालून गप्प बसू नका. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, चाकांच्या जागा खडूने आखून घ्या. सकाळी लालसर डाग कुठे पडलाय ते बघा आणि तो पुठ्ठा तसाच मेकॅनिककडे न्या.