डासाच्या पायावरून प्रजाती ओळखताना

प्रकाशसापळ्यात अडकलेल्या डासांचे खवले झडतात, पंखांवरचे ठिपके पुसट होतात आणि भिंगाखाली ओळख पटत नाही. अशा वेळी डीएनए बारकोडिंग उपयोगी पडते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सुचवलेल्या या पद्धतीत मायटोकाँड्रियातील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील) सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा, म्हणजे ए, टी, जी, सी या डीएनए-घटकांचा, तुकडा वाचून ओळखीच्या प्रजातींच्या क्रमांशी जुळवला जातो.

डास पकडल्यावर तो सिलिका जेलवर वाळवावा आणि डीएनएसाठी एकाच बाजूचे दोन पाय चिमट्याने काढून घ्यावेत. उरलेला डास टाचणीवर, त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह जपून ठेवावा, कारण पुढे निकालाबद्दल शंका आली तर तोच पुरावा असतो. गोठ्यात पकडलेल्या मादीचे पोट वापरू नये. त्यात गाईचे रक्त असते आणि गाईचा डीएनएही निकालात उतरू शकतो.

पीसीआरसाठी, म्हणजे या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्यासाठी, फॉल्मर प्रायमरची (तुकड्याची दोन टोके पकडणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्यांची) जोडी वापरावी आणि प्रत्येक फेरीत, बाहेरचा डीएनए मिसळला का ते कळावे म्हणून, डीएनए न घातलेली एक नळी ठेवावी. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर सुमारे ७०० अक्षरांच्या जागी एकच स्वच्छ पट्टा दिसला, तरच नमुना दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंगसाठी (अक्षरांचा क्रम वाचण्यासाठी) पाठवावा.

आलेला क्रम लगेच बोल्ड किंवा जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहांत जुळणीसाठी टाकण्याची घाई करू नये. एडिस इजिप्ती या डासाच्या केंद्रकीय जीनोममध्ये (पेशीकेंद्रकातील डीएनएत) मायटोकाँड्रियाच्या जनुकांच्या निकामी नकला बऱ्याच आहेत, आणि त्यांच्यामुळे फसगत होते. म्हणून आधी क्रमाचे प्रथिनात भाषांतर करावे. मध्येच थांब्याचा संकेत आला तर तो क्रम संशयास्पद समजावा. मात्र भाषांतरासाठी अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचाच तक्ता (तीन अक्षरांचा कोणता संकेत म्हणजे काय ते सांगणारा) निवडावा. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, या तक्त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, आणि नवखे लोक इथेच चांगला क्रम फेकून देतात.

संग्रहातील क्रमाशी जुळणी ९८ टक्क्यांहून अधिक असली तरी केवळ पहिल्या नावावर विसंबू नये, कारण संग्रहांत चुकीच्या नावाचे क्रमही असतात. जुळलेले पहिले दहा-वीस नमुने कोणत्या प्रजातींचे आहेत ते पाहावे.

काही ठिकाणी सीओआय मुळातच अपुरा पडतो. क्युलेक्स पिपिएन्स आणि क्विंकेफॅसिएटस यांचे बारकोड एकसारखे निघू शकतात. भारतात ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसमध्ये ए ते ई अशा पाच सहोदर (दिसायला एकसारख्या) प्रजाती आहेत, आणि त्यांतील बी वाहक म्हणून नगण्य मानली जाते. त्यांच्यासाठी आधी २८एस या दुसऱ्या जनुकाच्या डी३ भागावरून ए-डी आणि बी-सी-ई असे गट पाडावेत, मग मायटोकाँड्रियातील सीओ-२ जनुकाची पीसीआर करून त्या गटांतील प्रजाती वेगळ्या कराव्यात. यासाठी त्याच पायांचा उरलेला डीएनए पुरतो.