उरलेल्या सुताचा क्रोशाचा हेअरबँड : सोलापूरच्या उन्हाला मानवेल असा

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचे कोणी यंत्रमागावर कामाला आहे, त्यांच्याकडे कोनाच्या (सूत गुंडाळलेल्या शंकूच्या आकाराच्या नळीच्या) तळाशी राहिलेले सूत बहुधा एखाद्या पिशवीत पडलेले असते. ज्यांचा यंत्रमागाशी संबंध नाही त्यांच्याकडेही रुखवतासाठी किंवा तोरणासाठी आणलेल्या दोऱ्याच्या अर्ध्या गुंड्या सापडतात. एवढ्या सुतात पोलका होत नाही आणि रुमालही पुरा पडत नाही, मात्र हेअरबँडला ते पुरते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा साधा, नऊ सेंटिमीटर रुंदीचा हेअरबँड मध्यम जाडीच्या धाग्याने विणायचा झाल्यास साधारण साठ मीटर धागा लागतो, आणि हात सैल असल्यास थोडा अधिक. सुती धाग्यात हे वजन तीस ते चाळीस ग्रॅम भरते, म्हणून स्वयंपाकघरातील छोट्या वजनकाट्यावर सूत आधी तोलून घेतल्यास मध्येच धागा संपण्याचा प्रश्न राहत नाही.

धागा सुतीच घ्यावा, असा माझा आग्रह आहे. विणकामाच्या पुस्तकांत हेअरबँड बहुतेक वेळा लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा सांगितलेला असतो, कारण तो थंडीत कान झाकण्यासाठी कल्पिलेला असतो. सोलापुरात जानेवारीतील गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेचे दिवस सोडले तर कान झाकण्याची वेळ फारशी येत नाही, उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये आणि सुटे केस तोंडावर येऊ नयेत, एवढीच अपेक्षा असते. ॲक्रिलिक घाम शोषून घेत नाही, सूत घेते. सुताचा दोष एकच, की ते लोकरीसारखे ताणून पुन्हा जागेवर येत नाही. पुढे माप घेताना आणि टाका निवडताना जी काळजी सांगितली आहे, ती या एका दोषामुळे आहे.

सूत निवडताना ते मागावरच्या उभ्या ताण्यातून उरलेले आहे की कोनावरचे आहे, हे पाहावे. ताण्याच्या धाग्याला खळ दिलेली असते, त्यामुळे तो हाताला ताठ लागतो आणि सुईवरून नीट सरकत नाही. अशा सुताची सैल लडी करून, ती दोन-तीन ठिकाणी बांधून, गरम साबणाच्या पाण्यात काही वेळ भिजवावी आणि खळ निघेपर्यंत धुऊन सावलीत वाळवावी. कोनावरच्या सुताला हा उपद्व्याप लागत नाही. रंगीत सूत मात्र कुठलेही असो, त्याचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. लाल आणि गडद निळ्या सुताचा रंग सुटतो असे आढळल्यास ते पांढऱ्या सुताच्या शेजारी वापरू नये, नाहीतर पहिल्याच घामात कपाळ रंगते.

यानंतर जाडीचा प्रश्न येतो, आणि उरलेल्या सुताच्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मागाचे सूत क्रोशासाठी फार बारीक असते, म्हणून त्याचे अनेक पदर एकत्र धरून विणावे लागते. किती पदर घ्यायचे, हे सुताच्या नंबरावरून काढता येते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तितका सुताचा नंबर असतो, म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. कोनावर २/१० असे लिहिले असेल तर दहा नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत असे समजावे. असे सूत एका ग्रॅमला सुमारे साडेआठ मीटर भरते, म्हणून त्याचे चार पदर एकत्र घेतल्यावर ग्रॅमला दोन मीटरच्या आसपास, म्हणजे मध्यम जाडीचा धागा तयार होतो. २/२० सूत याच्या निम्म्या जाडीचे असल्यामुळे त्याचे आठ पदर लागतात. नंबर माहीत नसल्यास, एकत्र धरलेले पदर पेन्सिलीवर न ताणता, एकमेकांना चिकटून गुंडाळावेत. अडीच सेंटिमीटरमध्ये दहा-अकरा वेढे बसले तर जाडी योग्य आहे. रुखवताच्या दोऱ्यालाही हीच कसोटी लावावी. निरनिराळ्या नंबरांचे पदर एकत्र करण्यासही हरकत नाही, आणि दोन रंगांचे पदर मिसळल्यास जो ठिपकेदार रंग येतो तो मला एकरंगी पट्टीपेक्षा अधिक आवडतो.

पदर एकत्र करताना ते आधीच एका गुंडीत घट्ट गुंडाळण्याचा मोह टाळावा. एखादा पदर जास्त ताणला गेला तर विणताना दुसऱ्या पदराचे फुगे बाहेर येतात. प्रत्येक गुंडी वेगळ्या डब्यात किंवा तांब्यात ठेवावी, कोन असल्यास ते जमिनीवर उभे ठेवावेत, आणि सर्व टोके एकत्र हातात घ्यावीत.

क्रोशाची सुई चार मिलिमीटरची घ्यावी. रुमाल आणि तोरणे विणण्याची बारीक पोलादी सुई येथे उपयोगी नाही, कारण तिच्या आकड्यात सगळे पदर मावत नाहीत आणि एखादा पदर हमखास मागे राहतो. याखेरीज कात्री, मापाची टेप आणि मोठ्या भोकाची, बोथट टोकाची शिवणसुई एवढे साहित्य पुरते.

टेप कपाळावरून, कानांच्या मागून मानेपर्यंत, जिथे हेअरबँड बसणार आहे तिथे फिरवून माप घ्यावे. प्रौढांचे हे माप बहुधा ५४ ते ५८ सेंटिमीटर असते. सूत वापराने सैल पडते, म्हणून आलेल्या मापातून पाच सेंटिमीटर वजा करून पट्टी विणावी. माप ५५ आले तर पट्टी ५० सेंटिमीटरची होईल. विणून झाल्यावर ती डोक्यावर थोडी घट्ट वाटली पाहिजे. पहिल्याच दिवशी जी आरामात बसते, ती आठवड्याभरात भुवयांवर घसरते.

पट्टी लांबीच्या दिशेने न विणता रुंदीच्या दिशेने, आखूड आखूड ओळींत विणायची आहे. टाक्याचा फक्त मागचा धागा उचलून विणल्यास ओळींमध्ये उंचवटे तयार होतात आणि विणकाम त्या उंचवट्यांना आडव्या दिशेने ताणले जाते. ओळी आखूड ठेवल्या की ही ताणण्याची दिशा बरोबर डोक्याभोवती येते. लांब साखळी घालून चार-पाच लांब ओळी विणणे सोपे दिसते आणि नवशिक्या विणकरणी तेच करतात, परंतु तशा पट्टीला डोक्याभोवती ताण राहत नाही.

सुरुवातीला एक वीत टोक मोकळे सोडून सरगाठ (ओढली की आवळणारी गाठ) मारावी आणि पंधरा साखळ्या घालाव्यात, म्हणजे सुईवरच्या फासातून पंधरा वेळा धागा ओढून काढावा. सुईपासूनची पहिली साखळी सोडून दुसऱ्या साखळीत मुका खांब विणावा. त्यासाठी सुई साखळीत घालून धागा ओढून आणावा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा धाग्याचा वेढा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढावा. असे ओळीच्या शेवटपर्यंत केल्यावर चौदा टाके होतात. मग एक साखळी घालून काम उलटे करावे. ही साखळी टाका म्हणून मोजू नये. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर जे दोन धागे दिसतात, त्यांपैकी आपल्यापासून लांबचा धागा तेवढा उचलून मुका खांब विणावा. ओळीतील शेवटचा टाका थोडा दडलेला असतो आणि तोच सुटला की पट्टी त्रिकोणी होत जाते, म्हणून पहिल्या सहा-सात ओळींत प्रत्येक वेळी टाके मोजून चौदा असल्याची खात्री करावी. पुढे उंचवट्यांवरून डोळ्यांनाच कळू लागते.

रंग बदलायचा असेल तेव्हा ओळीचा शेवटचा टाका जुन्या रंगाने अर्धा विणून, दोन फास सुईवर असताना नवा रंग ओढून तो पूर्ण करावा. ओळ संपण्याआधीच सूत संपत आले तर हाच जोड मध्येही देता येतो, परंतु शक्यतो काठावर द्यावा, म्हणजे टोके लपवणे सोपे जाते. पट्टे कसे टाकायचे हे हाताशी असलेल्या सुतावर सोडावे. सोलापुरी चादरीच्या काठावरचे पट्टे नजरेसमोर ठेवल्यास दोन गडद रंगांमध्ये पांढऱ्याच्या एक-दोन ओळी छान दिसतात. मात्र प्रत्येक बदलाला दोन टोके लपवावी लागतात, हे ध्यानात ठेवून पट्ट्यांचा हव्यास आवरावा.

साधारण ऐंशी ते नव्वद ओळींत पन्नास सेंटिमीटर लांबी भरते. येथे ओळींच्या संख्येवर विसंबू नये, कारण पदरांची जाडी आणि हाताचा ताण प्रत्येकाचा वेगळा असतो. टेपने, पट्टी सपाट ठेवून आणि न ओढता, मोजावे. लांबी झाली की पट्टीची दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून शेवटच्या ओळीचे मागचे धागे आणि सुरुवातीच्या साखळीचे धागे शिवणसुईने एकास एक जोडत शिवावेत. जोड घट्ट ओढल्यास तिथे सुरकुती येते आणि मानेला टोचते.

दोन्ही टोके अर्धी दुमडून एकमेकांत अडकवून शिवली, तर समोर पीळ दिसणारा हेअरबँड होतो. तो दिसायला देखणा असला तरी तिथे कापडाचे चार थर येतात आणि जाड सुतात ते कपाळाला गरम होतात, म्हणून उन्हाळ्यासाठी सरळ जोडच बरा. वरून फूल किंवा मणी लावण्याचे तर कारणच नाही, कारण त्यामुळे पट्टी एका बाजूला ओढली जाते.

उरलेली टोके बोथट सुईने उलट बाजूच्या टाक्यांतून आधी एका दिशेने, मग परत, आणि पुन्हा एकदा पहिल्या दिशेने ओवून घ्यावीत. सूत गुळगुळीत असल्याने एकाच दिशेने ओवलेले टोक धुताना सुटून येते. आठ पदरांचा धागा असेल तर पदर दोन भागांत विभागून वेगवेगळ्या ओळींत लपवावेत, म्हणजे गाठोडे दिसत नाही.

हेअरबँड धुतल्यावर दोरीवर टांगू नये, पाण्याच्या वजनाने तो लांबतो. तो टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट पसरून वाळवावे. पहिल्या धुण्यात सूत थोडे आटते, त्यामुळे घट्टपणाचा निर्णय त्यानंतरच करावा. लहान मुलीसाठी विणताना दहा टाक्यांची रुंदी पुरे होते, आणि लांबी तिच्या डोक्याच्या मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटरच कमी ठेवावी, कारण मुले घट्ट पट्टी काढून टाकतात.