घर ‘स्मार्ट’ करताना भिंतीवरचं बटण निकामी करू नका

चिपळूणच्या घरी आईसाठी मी पहिल्यांदा स्मार्ट बल्ब बसवले, तेव्हा हॉलमध्ये दोन, देवघरात एक आणि मागच्या पडवीत एक असे चार होते. मोबाइलवरून लागत होते, ठरल्या वेळी विझत होते. मी पुण्याला परतले आणि तिसऱ्या दिवशी ॲपमध्ये चारही बल्ब ‘ऑफलाइन’ दिसू लागले. झोपायला जाताना आईने बटणं बंद केली होती. गेली चाळीस वर्षं ती हेच करत आली आहे आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते, मग आतली चिप मोबाइलचं ऐकणार कशी? मी फोन करून सांगितलं, “बटणं चालूच ठेव.” तिने ठेवली. त्याच आठवड्यात पावसात रात्री लाइट गेली, पहाटे तीनला आली, आणि चारही बल्ब लखकन लागले. “अगं, बटण दाबलं की दिवा लागावा, एवढंच मला हवंय,” आई दुसऱ्या दिवशी म्हणाली.

त्या वाक्यावरून मी सगळं नव्याने केलं. माझी अट आता एकच आहे: घरातल्या कुणालाही, हातात मोबाइल नसताना आणि इंटरनेट बंद असतानाही, प्रत्येक वस्तू भिंतीवरच्या बटणाने चालवता आली पाहिजे. पुढची पद्धत या अटीभोवतीच उभी आहे.

आधी वही, मग खरेदी

दोन दिवस वही घेऊन घरात वावरा. कुठलं काम रोज विसरलं जातं, कशासाठी उठून जावं लागतं, कशावरून वाद होतो, ते लिहा. आमच्याकडे तीन गोष्टी निघाल्या: गिझर चालू राहणं, गच्चीवरची टाकी भरून वाहणं आणि संध्याकाळी अंगणातला दिवा. रंगीत दिवे, पडदे ओढणारी मोटर, बोलणारा फ्रिज यांपैकी काहीही त्या यादीत नव्हतं, म्हणून घेतलं नाही.

थोडा हिशेबही करा. २,००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास विनाकारण तापत राहिला तर रोज एक युनिट जातं, म्हणजे महिन्याला तीस. उलट बाजूही आहे. स्मार्ट वस्तू बंद दिसत असली तरी वाय-फायसाठी आत जागी असते. एका वस्तूला एक वॅट धरा. अशा दहा वस्तू वर्षभरात जवळपास ८८ युनिटं खातात. त्यामुळे प्रत्येक दिव्याला चिप लावून वीज वाचत नाही, गिझरला लावून वाचते.

बल्ब, प्लग की बोर्डामागचं मॉड्यूल

स्वतःचं घर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बोर्डाच्या आत, बटणामागे बसणारं मॉड्यूल घ्या. काडेपेटीएवढी ही डबी असते. जुनं बटण जागेवरच राहतं, फक्त त्याची वायर आता मॉड्यूलला सांगते की दिवा लाव किंवा बंद कर. बटणही चालतं आणि मोबाइलही. आईला काही नवीन शिकावं लागलं नाही.

भाड्याच्या घरात बोर्ड उघडता येत नसेल तर स्मार्ट प्लग आणि बल्ब बरे. घर सोडताना काढून नेता येतात. बल्ब मात्र टेबल लॅम्पसारख्या, ज्याचं बटण कुणी सारखं दाबत नाही अशा ठिकाणी लावा. जुन्या एसीला आणि टीव्हीला रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर पुरतो.

खरेदी करताना खोक्यावरचा अँपियरचा, म्हणजे वस्तूला किती करंट झेपतो त्याचा, आकडा वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात, तेव्हा वॅटला २३० ने भागलं की अँपियर मिळतात. २,००० वॅटच्या गिझरला जवळपास ९ अँपियर लागतात, त्याला १६ अँपियरचं उपकरण हवं. ३,००० वॅटच्या गिझरला १३ अँपियर लागतात. बंद बोर्डात कोंडलेल्या छोट्या मॉड्यूलवर इतका भार तासभर टाकू नये, तिथे वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार झेलणारा वेगळा स्विच, बसवून घ्या. चार-चार बटणांच्या मॉड्यूलमध्ये दर बटणाला कमी अँपियर मिळतात, ती दिवे-पंख्यांपुरतीच ठेवा.

पंख्याचं वेगळं आहे. साध्या मॉड्यूलने पंखा फक्त चालू-बंद होतो. वेग बदलायचा असेल तर ‘फॅन कंट्रोल’ असलेलंच मॉड्यूल घ्या. दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा) पंख्याला लावला तर तो गुणगुणतो आणि तापतो. बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटचा) पंखा असेल तर त्याच्या आधी रेग्युलेटर किंवा डिमर काहीच नको, त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या रिमोटने किंवा ॲपने बदलतो.

प्लग-सॉकेटवर आयएसआय चिन्ह आणि बल्बवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघून घ्या.

बोर्ड उघडल्यावर

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती न्यूट्रलपाशी. साध्या बटणाला फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, लागते: एक वायर येते, एक दिव्याकडे जाते. मॉड्यूलला मात्र स्वतः जागं राहायला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायरही लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आलेला असतोच. नुसतीच बटणं असलेल्या बोर्डात, जिन्यात किंवा बाथरूमच्या बाहेर, तो बहुधा नसतो. ऑर्डर देण्याआधी वायरमनला बोलावून हे तपासा. आमच्या देवघराच्या बोर्डात न्यूट्रल नव्हता, तो शेजारच्या पॉइंटवरून पट्टीतून ओढून आणावा लागला.

हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण जवळ उभं राहा आणि पुढच्या गोष्टी होताहेत ना ते बघा.

मेन स्विच बंद. मग त्या बोर्डातल्या प्रत्येक वायरला टेस्टर लावून खात्री.

बोर्ड उघडला की हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढा. आमच्या पडवीच्या बोर्डात सगळ्याच वायरी लाल होत्या. फोटो नसता तर कुठली कुठे होती ते शोधण्यात दिवस गेला असता.

न्यूट्रल म्हणून दाखवलेली वायर मध्ये तुटलेली तर नाही ना, ते टेस्टरवर कळत नाही, कारण तुटलेल्या वायरीवरही टेस्टर लागत नाही. वायरमनकडे होल्डरला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प असतो. तपासण्यापुरती मेन चालू करून त्याचं एक टोक फेजला, दुसरं त्या वायरीला. बल्ब पूर्ण उजेडात लागला तर पुढे जा, आणि मेन पुन्हा बंद करूनच जोडणी करा.

न्यूट्रल सापडत नाही म्हणून कुणी अर्थिंगची हिरवी वायर वापरू म्हणालं तर तिथेच थांबवा. अर्थिंग तुटलं की गिझरच्या, फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच किंवा आणखी वस्तू जोडल्यावर पडेल.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज आणि भलत्याच लाइनचा न्यूट्रल असं मिश्रण करू नका, ज्या सर्किटचा फेज त्याच सर्किटचा न्यूट्रल घ्या. इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइटीसारखी सुरळीत वीज देणारा असलेला बरा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर पंख्याचं मॉड्यूल आवाज करतं.

शेवटी बॉक्समध्ये जागा आहे का ते बघा. वायरी कोंबून प्लेट दाबून बसवली की आत उष्णता साठते आणि स्क्रू सैल होतात. कोकणातल्या दमट हवेत टर्मिनलं गंजतात, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा प्लेट उघडून स्क्रू आवळून घ्यायला सांगा.

टाकीची मोटर

एक एचपीची मोटर चालताना साधारण सहा-सात अँपियर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. त्या धक्क्याने मॉड्यूलमधल्या रिलेचे (आतल्या छोट्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि मोबाइलवर ‘बंद’ दिसत असताना मोटर चालूच राहते. म्हणून मोटर थेट जोडायची नाही. मॉड्यूलने कॉन्टॅक्टरची कॉइल (त्याला चालू-बंद करणारं वेटोळं) चालवायची आणि कॉन्टॅक्टरने मोटर. टाकीत भरली की मोटर थांबवणारा फ्लोट स्विच हवा आणि विहिरीत किंवा खालच्या टाकीत पाणी संपलं की मोटर थांबवणारा सेन्सरही. पुण्यात बसून कोरडी मोटर चालवली तर सील जळतं, आणि तिचा आवाज ऐकायला तिथे कुणी नसतं.

वाय-फाय, झिग्बी, मॅटर

दहा-बारा वस्तूंपर्यंत वाय-फाय पुरतं, वेगळं हब (सगळ्या वस्तूंना जोडणारी मधली डबी) लागत नाही. त्याहून जास्त असतील, किंवा भिंती जाड चिऱ्याच्या असतील, तर झिग्बी, म्हणजे अशा वस्तूंसाठीचं वेगळं बिनतारी जाळं, विचारात घ्या. त्याला एक हब लागतं, पण विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूला निरोप पोहोचवते, त्यामुळे मागच्या पडवीपर्यंत सिग्नल जातो. २०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सगळ्या कंपन्यांच्या सामाईक मानकाचं चिन्ह खोक्यावर असेल तर ती वस्तू अलेक्सा, गुगल आणि ॲपल या तिन्हींशी जोडता येते आणि घरातल्या घरात बोलते. दोन वस्तू सारख्याच वाटत असतील तर मॅटरवाली घ्या.

कारण सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेला की सोय गेली. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि लोकांची ॲपं एका दिवसात निकामी झाली. भिंतीवरची बटणं मात्र चालत राहिली.

जोडणी

बहुतेक स्मार्ट वस्तूंना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाखाली देतात, फोन ५ वर असतो आणि नवीन वस्तू सापडतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. मग वस्तूचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू लागला की ॲपमधून शोधा. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवं.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड विचार करून ठरवा. पुढे राउटर बदलला तरी तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला की सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात. बदलला तर एकेक वस्तू पुन्हा जोडत बसावं लागतं.

बोलून चालवायचं असेल तर वस्तूंना घरात जे म्हणतात तेच नाव द्या, छोटं आणि एकमेकांपासून वेगळं. ‘हॉल’ आणि ‘हॉलची ट्यूब’ ठेवलं तर गोंधळ होतो. अलेक्साला २०१९ पासून हिंदी समजतं, त्यामुळे आईचं काम भागतं.

राउटरला छोटा यूपीएस लावा. लाइट गेल्यावर वाय-फाय टिकतं, आणि राउटर वारंवार बंद-चालू होत नाही.

तीन सेटिंगं आणि एक परीक्षा

पहिलं, ‘पॉवर-ऑन स्टेट’. लाइट परत आल्यावर वस्तूने काय करायचं ते यात ठरतं. दिव्यांना ‘पूर्वीची स्थिती’, गिझर आणि मोटरला न चुकता ‘बंद’. पहाटे तीनला लागलेल्या त्या बल्बांचं कारण हेच होतं. ते सेटिंग ॲपमध्ये होतं, मी उघडून पाहिलं नव्हतं.

दुसरं, गिझरला ऑटो-ऑफ. आमच्याकडे २५ मिनिटं ठेवलंय. कुणीही, कसाही लावला तरी तेवढ्या वेळाने तो बंद होतो.

तिसरं, अंगणातल्या दिव्याला घड्याळाची वेळ न देता ‘सूर्यास्त’ निवडा. कोकणात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर.

मग राउटर बंद करा आणि घरभर फिरा. प्रत्येक बटण चालतंय का? गिझर लावून ठेवा: २५ मिनिटांनी स्वतःहून बंद होतो का? झाला तर टायमर वस्तूच्या आत आहे. नाही झाला तर तो इंटरनेटवर अवलंबून आहे, आणि गिझरसाठी ती वस्तू चालणार नाही. ती परत करून दुसरी घ्या. विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या.

कॅमेरा लावणारच असाल तर

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, आणि शक्य असेल तर कॅमेरा राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) ठेवा. शेजाऱ्यांचं दार त्यात दिसता कामा नये. घराच्या आत मी कॅमेरा लावलेला नाही. आई दिवसभर त्या घरात राहते, तिला तिथे मोकळं वाटलं पाहिजे.

कपाटातला कागद

सगळं झाल्यावर एक कागद लिहा: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, ॲपचं खातं कुणाच्या नंबरवर आहे, कुठल्या बोर्डात कुठलं मॉड्यूल, कुठला एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) पाडला की ते बंद होतं, वायरमनचा फोन. आमचा आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. जुने रेग्युलेटर आणि उरलेले स्क्रू टाकून देऊ नका. पिशवीत भरून, वर खोलीचं नाव लिहून त्याच कपाटात ठेवा, म्हणजे एखादं मॉड्यूल जळलं तर मी येईपर्यंत न थांबता वायरमन तासाभरात पंखा पूर्ववत जोडून देऊ शकतो.